संशोधकाचं व्याख्यान कॉलेजात ठेवताना: पंधरा दिवस आधी ते पंधरा दिवस नंतर

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी गणित शिकवते. आमच्या विभागाने ठेवलेलं पहिलं मोठं व्याख्यान मला अजून आठवतं. पाहुणे पहाटेची एसटी धरून साडेतीन तासांचा प्रवास करून आले होते. विषय होता अविभाज्य संख्यांमधली अंतरं. कार्यक्रम अकराचा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, परिचयपत्राच्या दोन पानांचं वाचन, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक आणि अध्यक्षीय मनोगत होईपर्यंत बारा वाजायला दहा मिनिटं उरली. साडेबाराला मधल्या सुट्टीची घंटा. सभागृह भरलेलं दिसावं म्हणून इतर शाखांची मुलं आणून बसवली होती. फळ्याजवळ डस्टर नव्हता, म्हणून पाहुणे स्वतःच्या रुमालाने फळा पुसत होते. शेवटी ‘काही प्रश्न?’ असं विचारलं तेव्हा सगळीकडे शांतता. मग चहाच्या वेळी व्हरांड्यात दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीने हळूच विचारलं, “सर, तुम्ही दिवसभर नेमकं काय करता?”

त्या दिवशीचा खरा प्रश्न तो एकच होता, आणि त्याला आम्ही कार्यक्रमात जागाच ठेवली नव्हती.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलत गेलो. आज माझं ठाम मत असं की असं व्याख्यान व्याख्यानाच्या तासात कमी आणि त्याच्या आधीच्या पंधरवड्यात जास्त घडतं. वक्ता कितीही मोठा असला तरी ऐकणाऱ्यांची पाटी कोरी असेल, तर त्याचं बोलणं वरून वाहून जातं. तयारी झालेली असेल, तर साधा पीएचडी करणारा मुलगाही वर्ग जिंकतो. ही तयारी कशी करायची ते जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी विषय, मग माणूस

बहुतेक ठिकाणी नाव आधी ठरतं. ‘अमुक सर ओळखीचे आहेत, त्यांना बोलवू’ म्हणून सुरुवात होते आणि विषय पाहुण्यांवर सोडला जातो. पाहुणे मग आपल्या ताज्या शोधनिबंधाचं भाषण घेऊन येतात, जे त्यांनी तज्ज्ञांसमोर दिलेलं असतं. त्यात त्यांची चूक नाही, आपण त्यांना काही सांगितलेलंच नसतं.

विषय निवडताना मी दोन गोष्टी बघते. प्रश्नाचं विधान बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलाला कळायला हवं, उत्तर नाही कळलं तरी चालेल. आणि त्या प्रश्नाचं एक टोक तरी मुलांना हाताने करून बघता यायला हवं.

एक उदाहरण देते. एकाच आकाराच्या फरश्यांनी अख्खं प्रतल भरता येतं, पण त्या कशाही मांडल्या तरी नक्षी स्वतःची पुनरावृत्ती करूच शकत नाही, अशी फरशी असू शकते का? एका फरशीऐवजी अनेक प्रकारच्या फरश्या वापरून हे जमवणारा संच १९६६ साली रॉबर्ट बर्जर यांनी दिला, त्यात २०,४२६ प्रकारच्या फरश्या होत्या. १९७० च्या दशकात रॉजर पेनरोज यांनी ही संख्या दोनवर आणली. आणि मार्च २०२३ मध्ये एकाच फरशीने हे काम होतं असं जाहीर झालं. तिला ‘हॅट’ म्हणजे टोपी म्हणतात, तिला तेरा बाजू आहेत. ती शोधणारे डेव्हिड स्मिथ हे इंग्लंडमधले निवृत्त छपाई तंत्रज्ञ, गणिताचे हौशी. सिद्धतेसाठी त्यांच्यासोबत तीन संशोधक होते. पुठ्ठा आणि कात्री असली की मुलं या प्रश्नाला हात घालू शकतात. इतक्या ताज्या संशोधनाला विद्यार्थ्याचा हात लागणं ही मोठी गोष्ट आहे.

उपयोजित बाजूला साथीच्या रोगांचं गणित, मान्सूनचं प्रारूप, समुद्राच्या भरती-ओहोटीचं भाकीत, एमआरआयमध्ये कमी मोजमापांतून पूर्ण प्रतिमा मिळवण्याचं तंत्र असे विषय चांगले चालतात.

कोणाला बोलवायचं

महाराष्ट्र आणि गोव्यात माणसांची कमतरता नाही. मुंबईत टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि आयआयटी, पुण्यात विज्ञान शिक्षण-संशोधनाची आयसर, खगोलशास्त्राची आयुका, गणितज्ञ श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ साली सुरू केलेलं भास्कराचार्य प्रतिष्ठान, हवामानाच्या गणितासाठी पाषाणची उष्णदेशीय हवामान संस्था, नागपुरात पर्यावरण संशोधनाची नीरी आणि अभियांत्रिकीची व्हीएनआयटी, गोव्यात दोनापावलाची समुद्रविज्ञान संस्था. या प्रत्येक संस्थेच्या संकेतस्थळावर प्राध्यापकांबरोबरच पीएचडी आणि पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधन) करणाऱ्यांची नावं आणि विषय दिलेले असतात. ज्येष्ठ प्राध्यापकांच्या आधी मी ती यादी वाचते.

याचं कारण साधं आहे. पीएचडीच्या चौथ्या वर्षातला मुलगा आपल्या वर्गातल्या मुलांपेक्षा सात-आठ वर्षांनीच मोठा असतो. काय कळत नव्हतं, कुठे अडलं होतं, हे त्याला आठवतं. त्याच्याकडे वेळ असतो, तो मुक्कामाला राहतो, संध्याकाळी मुलांबरोबर गावात फिरायला जातो. तो आपल्याच कॉलेजचा किंवा जिल्ह्याचा माजी विद्यार्थी असला तर दुधात साखर. ‘आपल्या एसटी स्टँडवरून गेलेला माणूस हे करतो’ हे मुलांना दिसतं.

तारखेचं मात्र सांभाळा. २२ डिसेंबरचा राष्ट्रीय गणित दिन आणि २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन या दोन तारखांना सगळ्याच कॉलेजांना पाहुणे हवे असतात. त्यामुळे ज्याला खरंच बोलवायचं तो त्या दिवशी मिळत नाही, आणि मिळाला तर दुसरीकडे पोचायच्या घाईत असतो. ऑगस्ट किंवा जानेवारीतला एखादा साधा शनिवार घ्या. गणपतीच्या आणि परीक्षांच्या तारखा आधी बघा.

पत्रात काय लिहायचं

पत्र दीड महिना आधी गेलं पाहिजे. ‘आपल्या बहुमोल मार्गदर्शनाचा लाभ व्हावा’ एवढंच लिहिलं तर पाहुण्यांना काहीच कळत नाही. आमचं पत्र साधारण असं असतं:

“सप्रेम नमस्कार. आमच्याकडे बीएस्सी दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाचे मिळून ४५ विद्यार्थी ऐकायला असतील. त्यांचं कलन, रेषीय बीजगणित आणि प्राथमिक विभेदी समीकरणं (डिफरन्शियल इक्वेशन्स) झाली आहेत. आंशिक विभेदी समीकरणं झालेली नाहीत. बहुतेकांचं शालेय शिक्षण मराठीत झालं आहे, इंग्रजी सावकाश बोललं तर समजतं. साथरोगांच्या प्रारूपांवर आपण ५० मिनिटं बोलावं आणि त्यानंतर २५ मिनिटं प्रश्नोत्तरं व्हावीत अशी विनंती. आपण येण्याआधी आम्ही दोन तास तयारी करून घेणार आहोत. विद्यार्थ्यांना काय आधी करून बघता येईल, ते कृपया कळवावं. येण्या-जाण्याचा खर्च आणि मानधन त्याच दिवशी देऊ. फळा मोठा आहे, प्रोजेक्टरही आहे.”

या पत्रातली झालेल्या आणि न झालेल्या अभ्यासक्रमाची वाक्यं सर्वांत मोलाची. वक्त्याला त्यावरून आपलं भाषण कुठून सुरू करायचं ते कळतं. तयारीचं वाचल्यावर बहुतेक जण स्वतःहून एखादं गणित किंवा आलेख पाठवतात, आणि तिथून पुढे ते पाहुणे न राहता तुमचे सहकारी होतात.

मानधनाचं लिहिताना संकोच करू नका. रक्कम लहान असली तरी ती आधी सांगावी. बिलासाठी तीन-तीन महिने वाट बघायला लावणं वाईट दिसतं, म्हणून कार्यालयातून मंजुरी आधीच घेऊन ठेवा. वक्त्या बाई असतील तर परतीची गाडी उजेडात मिळेल अशी वेळ ठेवावी आणि स्टँडपर्यंत सोबत कुणीतरी जावं.

तयारीचे दोन तास

इथे मी जरा थांबून सांगणार आहे, कारण सगळं यावरच उभं आहे. गेल्या खेपेला साथरोगांच्या गणितावर व्याख्यान होतं, त्याची तयारी आम्ही अशी केली.

पहिल्या तासाला मुलांना एवढंच सांगितलं: गावात १,००० माणसं आहेत, त्यातली १० आजारी. प्रत्येक आजारी माणूस दिवसाला सरासरी ०.४ जणांना लागण करू शकतो, पण समोरचा अजून आजारी पडलेला नसेल तरच. आणि रोज आजाऱ्यांपैकी एक पंचमांश बरे होतात. उद्या किती आजारी असतील?

मुलांनी वहीत तीन रकाने आखले: न लागलेले, आजारी, बरे झालेले. पहिल्या दिवशी नवे आजारी ०.४ गुणिले १० गुणिले ०.९९, म्हणजे जवळपास ४. बरे झाले २. आजारी झाले १२. दुसऱ्या दिवशी १४ च्या थोडं वर. दहाव्या ओळीपर्यंत कॅल्क्युलेटरवर केलं, पुढे संगणकाच्या तक्त्यात. आजाऱ्यांचा रकाना चढतो, एका जागी माथा गाठतो आणि उतरतो. मग विचारलं, माथा कधी येतो? कुणी म्हणालं विसाव्या दिवशी, कुणी पंचविसाव्या. एका मुलाने दिवस बाजूला ठेवून दुसराच रकाना पाहिला आणि म्हणाला, “मॅडम, न लागलेले निम्मे उरले की माथा येतो.” बरोबर आहे. माथ्यावर रोजचे नवे आजारी आणि बरे होणारे सारखे असतात. ०.४ ला कितीने गुणलं की ०.२ होतात? अर्ध्याने. विभेदी समीकरण हा शब्द फळ्यावर येण्याआधीच त्याचा गाभा त्या मुलाला दिसला होता.

दुसऱ्या तासाला मुंबईचा प्लेग. १८९६ साली तो मुंबईत आला आणि पुढची कित्येक वर्षं दर वर्षी परतत राहिला. सावित्रीबाई फुले १८९७ साली याच साथीत रुग्णांची सेवा करताना गेल्या, हे मुलांना माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते हे की साथरोगांच्या गणितातला सगळ्यात गाजलेला शोधनिबंध मुंबईच्या प्लेगच्या आकड्यांवर तपासला गेला. कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांचा हा निबंध १९२७ सालचा. कर्मॅक रसायनशास्त्रज्ञ होते, प्रयोगशाळेतल्या अपघातात त्यांची दृष्टी गेली होती. मॅकेंड्रिक डॉक्टर, हिंदुस्थानात वैद्यकीय सेवेत राहिलेले. त्यांनी १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातले मुंबई बेटावरचे दर आठवड्याचे प्लेगचे मृत्यू घेतले आणि त्यावर एक वक्र बसवला.

तो वक्र मुलांना काढायला दिला. आठवड्याच्या क्रमांकाला ०.२ ने गुणा, ३.४ वजा करा, त्याचा हायपरबोलिक सेकंट घ्या, वर्ग करा, ८९० ने गुणा. सतरावा आठवडा घातला की वजाबाकी शून्य होते, शून्याचा हायपरबोलिक सेकंट १, आणि उत्तर येतं ८९०. म्हणजे एप्रिल १९०६ च्या सुमारास आठवड्याला जवळपास नऊशे मृत्यू. बारावा आणि बाविसावा आठवडा घातला तर दोन्हीकडे सुमारे ३७४. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी वक्राखालचं क्षेत्रफळ काढलं, संकलन (इंटिग्रेशन) सोपं आहे, उत्तर ८,९००, म्हणजे त्या साथीतले एकूण मृत्यू. वर्गात थोडा वेळ कुणी बोललं नाही. अभ्यासक्रमात हायपरबोलिक फलनं शिकताना या मुलांनी ती कधी माणसांशी जोडलेली नव्हती.

मग मी एवढंच विचारलं: वक्र दोन्ही बाजूंना सारखा आहे, पण रोग असा आरशातल्यासारखा चढतो-उतरतो का? उत्तर दिलं नाही. तो प्रश्न व्याख्यानासाठी राखून ठेवला.

फरश्यांचा विषय असता तर तयारी वेगळी. षटकोनाचा मध्य बाजूंच्या मध्यबिंदूंना जोडला की सहा पतंग होतात. अशा आठ पतंगांची जोडणी म्हणजे ती टोपी. पुठ्ठ्याच्या तीसेक टोप्या कापून मुलांसमोर ठेवायच्या, काही उलट्याही वापराव्या लागतात हे त्यांचं त्यांनाच सापडू द्यायचं. आवर्ती नक्षी म्हणजे काय ते ट्रेसिंग पेपरने दाखवावं: नक्षी उतरवून घ्या, कागद सरकवा, दुसऱ्या जागी तंतोतंत बसली तर आवर्ती. इथे मुलं एक चूक हमखास करतात. त्यांना वाटतं, जी फरशी अनावर्ती नक्षी करते ती विशेष. पण साध्या विटेच्याही वेड्यावाकड्या, कधी न जुळणाऱ्या रांगा लावता येतात. टोपीचं वैशिष्ट्य असं की तिला आवर्ती नक्षी जमतच नाही. हा फरक आधी स्पष्ट झाला नाही तर अख्खं व्याख्यान वाया जातं.

तयारीच्या शेवटी शब्दांचं एक पान वाटा. वक्ता इंग्रजीत बोलणार असेल तर त्याच्या सारांशातले पंधरा-वीस शब्द देवनागरीत, आणि समोर एकेका ओळीत सोपा अर्थ. ‘थ्रेशोल्ड: ज्या पातळीखाली साथ पसरत नाही’ असं. पारिभाषिक कोशातला शब्द मुलांना माहीत असेल तर तो लिहावा, नसेल तर वर्णन पुरे.

प्रत्यक्ष दिवस

समारंभाला दहा मिनिटं. प्राचार्यांना हे आधी जाऊन सांगावं लागतं, आणि नीट सांगितलं तर ते मान्य करतात. सत्कार व्याख्यानानंतर ठेवावा, तेव्हा टाळ्याही मनापासून पडतात. परिचय एखाद्या विद्यार्थ्याने दीड मिनिटात करावा: कुठून आले, कशावर काम करतात, आणि आपण तयारीत काय केलं ते.

सभागृहापेक्षा मोठा वर्ग बरा. चाळीस ऐकणारी मुलं दोनशे बसवलेल्या मुलांपेक्षा वक्त्याला जास्त बळ देतात. पुढच्या रांगेत मुलं, मागे प्राध्यापक. ओला फडका, भरपूर खडू, दोन डस्टर. गणिताच्या बऱ्याच माणसांना फळ्यावर लिहीतच बोलायला आवडतं आणि मुलांनाही त्या वेगाने वही भरता येते. प्रोजेक्टर आदल्या संध्याकाळी लावून बघा, आणि वीज गेली तर काय करायचं ते पाहुण्यांना विचारून ठेवा. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालासाठी ठिकाण-वेळ उमटलेले फोटो लागतात, ते पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्यावेत, नंतर वक्त्यासमोर मोबाईल उभे राहू नयेत.

ऐकताना काय करायचं हेही मुलांना शिकवावं लागतं. सगळं कळलं पाहिजे ही अपेक्षा त्यांना दहाव्या मिनिटाला हरवते. स्टॅनफर्डचे गणितज्ञ रवी वकील आपल्या विद्यार्थ्यांना व्याख्यानातून तीन गोष्टी उचलायला सांगतात. आम्हीही तेच करतो: एक व्याख्या, एक उदाहरण, एक प्रश्न. धागा तुटला तर वही मिटायची नाही. वक्ता नवं उदाहरण घेईल तेव्हा पुन्हा पकडायचा.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्या ठेवा. तिसाव्या मिनिटाला त्या रांगेतून फिरवा, नाव लिहायची गरज नाही. आणि पहिला प्रश्न प्राध्यापकाने विचारावा, तोही अगदी साधा. विभागप्रमुखांनीच “ही पायरी मला कळली नाही, पुन्हा सांगाल का?” असं विचारलं, की मुलांची भीड निम्मी चेपते. आपलं ज्ञान दाखवणारा लांब प्रश्न सुरुवातीलाच आला तर एकही मूल तोंड उघडत नाही.

प्लेगच्या व्याख्यानात आम्ही राखून ठेवलेला तो प्रश्न एका मुलीने विचारला: वक्र दोन्हीकडे सारखा का? वक्त्याचा चेहरा खुलला. त्याने फळ्यावर दाखवलं की मूळ समीकरणातलं घातांकी पद मालिकेत उलगडून निबंधाच्या लेखकांनी वर्गाच्या पदापर्यंतच ठेवलं, म्हणून उत्तरात ती सममिती आली. ती प्लेगची नव्हे, आपण केलेल्या सोयीची सममिती आहे. आणि मग तो आजच्या संशोधनाकडे आला. २०१२ साली निकोला बाकाएर या गणितज्ञाने हीच मुंबईची आकडेवारी पुन्हा तपासली. प्लेग उंदीर आणि पिसवांमार्फत पसरतो आणि ऋतूंप्रमाणे दर वर्षी चढतो-उतरतो, त्यामुळे एवढं साधं प्रारूप त्याला लावणं बरोबर नाही, हे त्याने मांडलं. ८५ वर्षं पाठ्यपुस्तकांत छापला गेलेला आलेख असा पुन्हा उघडता येतो, हे मुलांनी त्या दिवशी पाहिलं.

व्याख्यानानंतरचा चहा प्राध्यापकांच्या खोलीत नेऊ नका. पाच-सहा मुलं आणि पाहुणे, एक छोटा फळा, अर्धा तास. ‘दिवसभर काय करता?’, ‘घरचे काय म्हणाले?’, ‘पगार मिळतो का?’, ‘इंग्रजीचं कसं केलं?’ हे प्रश्न तिथेच येतात. पहिल्या पिढीत शिकणाऱ्या मुलाला ही उत्तरं सिद्धांताइतकीच लागतात.

नंतरचे पंधरा दिवस

दोन-तीन दिवसांत एक तास घ्या. प्रत्येकाने आपल्या तीन गोष्टी वाचून दाखवायच्या. कुठली पायरी कुणालाच कळली नाही ते तेव्हा कळतं, ती आपण शिकवायची. आपल्यालाही येत नसेल तर वक्त्याला ईमेल करायचा, आणि तो विद्यार्थ्याने लिहायचा. मी फक्त वाचून बघते. विषयाच्या ओळीत काय लिहायचं, कुठल्या पायरीवर अडलो ते कसं सांगायचं, हे मुलं यातूनच शिकतात.

ज्या दोघा-तिघांचे डोळे व्याख्यानात चमकले, त्यांना वेगळं बोलवा. १९९३ पासून चालत आलेलं एमटीटीएसचं (गणिताचं प्रशिक्षण देणारा कार्यक्रम) उन्हाळी शिबिर, राष्ट्रीय विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप, टीआयएफआर आणि आयुकाचे सुट्टीतले कार्यक्रम यांची माहिती त्यांना द्या आणि अर्ज समोर बसून भरून घ्या. शिफारसपत्र लिहायची जबाबदारी आपली.

वक्ता मिळालाच नाही तरी अडून बसू नका. बंगळुरूच्या आयसीटीएस या सैद्धांतिक विज्ञानाच्या केंद्रासारख्या संस्थांची व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. तयारीचे दोन तास तसेच घ्या आणि व्हिडिओ वर्गात एकत्र बघा, दर आठ-दहा मिनिटांनी थांबवत. आम्ही एकदा पन्नास मिनिटांचं व्याख्यान तीन दिवसांत पाहिलं. मुंबईत राहणाऱ्यांना पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी होणारा टीआयएफआरचा ‘चाय अँड व्हाय’ हा विज्ञानगप्पांचा कार्यक्रम जवळ आहे, तिथे मुलांना घेऊन जाता येतं.

आणि एक वही ठेवा. तारीख, वक्ता, विषय, तयारीत काय केलं, कुणी काय विचारलं, पुढच्या वेळी काय बदलायचं. आमच्या वहीत प्लेगच्या व्याख्यानापुढे मुलांनी काढलेला तो आलेख चिकटवला आहे, सतराव्या आठवड्यावर पेन्सिलीची उभी रेघ, आणि शेजारी त्या मुलीचा प्रश्न तिच्याच अक्षरात. त्याचा फोटो आम्ही वक्त्याला पाठवला होता. त्याने उत्तरात उंदरांची संख्या धरलेलं नवं समीकरण पाठवलं, आणि सध्या तिसऱ्या वर्षाची चार मुलं दर शुक्रवारी दुपारी त्यावर बसतात.